रक्तावर फोडलेले खापर

गावाबाहेरच्या वस्तीवर दरोडा पडला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीतले एक वाक्य न वाचताही सांगता येते: पोलिसांनी परिसरातल्या पारध्यांच्या पालांवर कोम्बिंग ऑपरेशन करून काही संशयितांना ताब्यात घेतले. पुरावा काय, ओळख कुणी पटवली, मुद्देमाल कुठे मिळाला, हे पुढे कधीतरी. बहुधा कधीच नाही. यावर कुणी हरकत घेतली की ठरलेले उत्तर येते. ‘तुम्ही पुस्तके वाचता, आम्ही माणसे ओळखतो. काही जमातींच्या रक्तातच ते असते. बाप तुरुंगात, मुलगा तुरुंगात, नातू बालसुधारगृहात. आता तर जनुकशास्त्रानेही हेच सिद्ध केले. आणि गरिबीमुळे माणूस चोर होतो म्हणता, तर मग सगळे गरीब चोर का होत नाहीत?’

हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर होतो तसा चर्चासत्रातही होतो. त्याला नुसते ‘प्रतिगामी’ म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते उत्तर नव्हे. त्यात अनुभवाचा दाखला आहे, नोंदींचा आधार आहे, विज्ञानाचे नाव आहे आणि शेवटचा प्रश्न तर अगदी रास्त आहे. शिवाय हा युक्तिवाद करणाऱ्यांपैकी काहींच्या हातात मध्यरात्री एखाद्याला उचलून नेण्याचा अधिकार असतो. म्हणून त्याचा एकेक मुद्दा घेऊन समाचार घ्यायला हवा.

पहिली गोष्ट इतिहासाची. ‘जन्मजात गुन्हेगार’ हा शोध विज्ञानाने लावला आणि मग सरकारने कायदा केला, असा समज असेल तर क्रम उलटा आहे. ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला तो १८७१ साली. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर, अशी मांडणी त्याच्या समर्थनार्थ झाली. इटालियन डॉक्टर चेझारे लोम्ब्रोझो यांचा ‘गुन्हेगार माणूस’ हा गाजलेला ग्रंथ आला १८७६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. एका मृत कैद्याच्या कवटीच्या तळाशी खळगा दिसला, त्यावरून गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेला आदिमानव, असा निष्कर्ष लोम्ब्रोझोंनी काढला. पुढे आलेला जबडा, मोठे कान, लांब हात, अंगावरचे गोंदण ही त्यांची लक्षणे. गोंदण हे लक्षण धरले असते तर आपल्याकडच्या निम्म्या आज्या कोठडीत गेल्या असत्या.

लोम्ब्रोझोंच्या सिद्धान्ताची कसोटी पाहिली चार्ल्स गोरिंग या इंग्रज तुरुंग डॉक्टरने. सुमारे तीन हजार कैद्यांची मापे घेऊन त्याने ती विद्यार्थी, सैनिक अशा तुरुंगाबाहेरच्या माणसांशी ताडून पाहिली. १९१३ मध्ये त्याने निकाल दिला: गुन्हेगारांचा असा वेगळा शारीरिक साचा अस्तित्वात नाही. दोनच वर्षे आधी, १९११ मध्ये, आपल्याकडचा कायदा मात्र मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला होता. विज्ञान जे खोडत होते ते सरकार इथे पसरवत होते, कारण सरकारला सिद्धान्ताची गरज नव्हतीच. त्याला फिरत्या माणसांवर ताबा हवा होता.

तो ताबा कसा होता हे सोलापूरकरांना सांगायला नको. तिथल्या ‘सेटलमेंट’ भागाचे नाव अजून तेच आहे. कैकाडी, टकारी, भामटे, पारधी, मांग गारुडी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे तिथे काटेरी तारेच्या आत ठेवली गेली. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचे तर पास, आणि काम गिरणीत. ‘सुधारणा’ या नावाखाली गिरण्यांना पळून न जाणारे मजूर मिळाले. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार वर्षांपासूनची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला दिली. चार वर्षांच्या पोराने कुठला गुन्हा केला होता? जन्मला, हाच.

आता अनुभवाचा मुद्दा. ‘आमच्या नोंदी बघा, तीच ती नावे येतात,’ असे पोलिस सांगतात आणि ते खोटे नसते. प्रश्न असा आहे की नोंद होते कशी. त्या कायद्याखाली रजिस्टरवर नाव असलेला माणूस पासाशिवाय शेजारच्या गावच्या बाजाराला गेला तर तो गुन्हा होता. त्याच बाजारात त्याच वेळी पाटील बैल विकत घेत असेल तर तो व्यवहार होता. १९२४ च्या कायद्यानुसार नोंदलेला माणूस ‘संशयास्पद’ स्थितीत नुसता सापडला तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा जन्मठेप. मग बाप तुरुंगात, मुलगा तुरुंगात ही साखळी तयार झाली यात नवल काय? ती रक्ताने जोडलेली नव्हती, कलमांनी जोडलेली होती. ज्याच्यावर रोज पाळत आहे त्याचीच चोरी सापडते. ज्याच्या घरावर कधी छापाच पडत नाही त्याची पाटी कोरी राहते. पुढे कोरी पाटी हा सज्जनपणाचा पुरावा म्हणून दाखवली जाते आणि भरलेली पाटी रक्तदोषाचा.

नोंदींवरचा हा विश्वास किती महागात पडतो याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. २००३ साली एका शेतवस्तीवर दरोडा पडला, माणसे मारली गेली, बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. नाशिकच्या न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांच्या नावावर फाशी लिहिली. २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा तपासले आणि सहाही निर्दोष सुटले. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. निकालातला एक तपशील जिव्हारी लागणारा आहे. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांकडचा फोटोंचा अल्बम पाहून चार जणांना ओळखले होते, आणि ते चौघे या सहांपैकी नव्हतेच. तिने बोट दाखवले त्यांचा तपास झाला नाही. पकडलेल्यांपैकी एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षे सहा माणसे आत राहिली आणि ज्यांनी ते भयंकर कृत्य केले ते बाहेर राहिले. ‘अनुभवी नजरेचा’ हिशोब मांडायचा तर ही रक्कमही त्यात धरावी लागेल.

बरे, या जमातींतली काही माणसे चोऱ्या करत होती हे नाकारायचे का? नाही. नाकारण्याची गरजही नाही. पण ती का करत होती हे पाहायला रक्ताची तपासणी लागत नाही, कायद्यांचे पुस्तक पुरते. बंजारे लमाण बैलांच्या तांड्यावर मीठ आणि धान्य वाहून न्यायचे. मिठावर सरकारचा मक्ता आला, मग आगगाडी आली आणि तांडे बसले. पारधी शिकारीवर जगायचा. १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारचे झाले आणि स्वतंत्र भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याची तितर-सशांची शिकारही गुन्हा ठरली. कंजारभाटांची मोहाची भट्टी अबकारी खात्याने बेकायदा केली. रामोशी तर गड-किल्ल्यांचे आणि गावांचे पिढीजात रखवालदार. पेशवाई बुडाली, किल्ल्यांवरच्या नेमणुका गेल्या, आणि उमाजी नाईकांनी बंड केले तेव्हा इंग्रजांनी त्यांना पुण्यात फाशी दिले. कालचा राखणदार आज दरोडेखोर झाला तो रक्त बदलल्यामुळे नव्हे, राज्य बदलल्यामुळे. एखाद्याची पोटाची सोय कायद्यानेच गुन्हा ठरवायची आणि मग ‘हे लोक गुन्हेच करतात’ म्हणायचे, याला उलट्या बोंबा म्हणतात.

आता विज्ञानाकडे वळू, कारण हल्ली ‘जीन’ हा शब्द उच्चारला की समोरचा गप्प बसतो. इथे विरोधकांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच पुढे ठेवतो. डेन्मार्कमध्ये सर्नॉफ मेडनिक आणि सहकाऱ्यांनी चौदा हजारांहून अधिक दत्तक मुलांच्या नोंदी तपासल्या आणि १९८४ मध्ये निष्कर्ष छापले. जन्मदाते आणि पालक दोघांवरही शिक्षेची नोंद नसलेल्या घरांतले १३.५ टक्के मुलगे पुढे दोषी ठरले. जन्मदात्यांवर शिक्षा आणि पालकांवर नाही, अशा मुलग्यांत हे प्रमाण २० टक्के होते. म्हणजे वारशाचा काही वाटा दिसतो, हे मान्य करायला हवे. पण त्याच तक्त्याचा उरलेला अर्धा भाग वाचा. जन्मदाते गुन्हेगार असूनही शंभरातले ऐंशी मुलगे कधीच दोषी ठरले नाहीत. जो संबंध दिसला तो मालमत्तेच्या गुन्ह्यांत दिसला. हिंसक गुन्ह्यांत दिसला नाही. आणि हा अभ्यास व्यक्तींचा होता, जमातींचा नव्हे. व्यक्तीव्यक्तींतल्या किंचित फरकावरून अख्ख्या जमातीवर शिक्का मारणे याला कुठल्याही प्रयोगशाळेचा आधार नाही.

जमातीचा सिद्धान्त खरोखर तपासायचा तर काय करायला हवे? वस्ती तीच ठेवून माणसे बदलावीत. हा प्रयोग शिकागोने नकळत करून दाखवला. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी तिथल्या बालन्यायालयाच्या अनेक दशकांच्या नोंदी नकाशावर मांडल्या आणि १९४२ मध्ये ग्रंथ काढला. कारखान्यांलगतच्या मोडकळीच्या वस्त्यांत आधी जर्मन आणि आयरिश राहत, मग पोलिश आणि इटालियन आले. प्रत्येक लाटेला त्या त्या काळी ‘मुळातच वाईट’ म्हटले गेले. पण वंश बदलत गेले तरी गुन्ह्यांचे प्रमाण त्याच वस्त्यांत चढे राहिले, आणि जे तिथून बाहेर पडले त्यांच्या मुलांचे प्रमाण उतरले. रक्त गाडीत बसून दुसऱ्या उपनगरात गेले, गुन्हा मागेच राहिला.

एक साधा हिशोब आपल्याकडचाही. देशातल्या कैद्यांत स्त्रिया जेमतेम चार टक्के आहेत. त्याच घरातली, त्याच रक्ताची बहीण तुरुंगात जात नाही. जन्मावरून आगाऊ नोंद करायचीच असेल तर जमातीपेक्षा भक्कम आकडा पुरुषांच्या विरोधात आहे. सगळ्या पुरुषांची रोज चावडीवर हजेरी घ्यावी, असा प्रस्ताव कुणी मांडत नाही, कारण तो मांडणाऱ्यालाही रांगेत उभे राहावे लागेल.

आता शेवटचा आणि खरा प्रश्न: सगळे गरीब चोर का होत नाहीत? इथे पुरोगामी मंडळींनीही आपली चूक पदरात घ्यावी. ‘गरिबी हेच गुन्ह्याचे मूळ’ हे वाक्य भाषणात शोभते, पुराव्यापुढे टिकत नाही. फ्रान्समध्ये आंद्रे-मिशेल गेरी यांनी १८३३ मध्येच गुन्ह्यांचे नकाशे काढले, तेव्हा मालमत्तेचे गुन्हे गरीब प्रांतांपेक्षा सधन प्रांतांत जास्त दिसले. चोरायला काही असावे लागते! शिवाय ‘गरिबी म्हणजे गुन्हा’ हे सूत्र गरिबावर तोच संशय दुसऱ्या दाराने आणते. लाखो गरीब कुटुंबे कुणाच्या पैशाला हात न लावता जगतात. त्यांच्या प्रामाणिकपणाला या सूत्रात जागाच नाही.

आणि श्रीमंतांच्या गुन्ह्यांचे काय? एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने हाच प्रश्न विचारून गुन्हेशास्त्राची बैठक हलवली. १९४९ मध्ये त्याने सत्तर बड्या कंपन्यांच्या कायदेभंगाचा पंचनामा छापला. प्रकाशकाने घाबरून कंपन्यांची नावे गाळायला लावली. नावांसह पुस्तक आले ते १९८३ मध्ये. गुन्हा शिकला जातो, सोबत्यांकडून, त्यातली हातोटी आणि त्याचे समर्थन दोन्ही, हे त्याचे म्हणणे. ते गल्लीतल्या पाकीटमाराला लागू आहे तितकेच संचालक मंडळाला. १९९२ चा रोखे घोटाळा आठवा, तेलगीचे बनावट मुद्रांक आठवा. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला स्वतःच्याच खात्यातून फक्त हजार रुपये काढण्याची परवानगी मिळाली, तेव्हा रांगेत रडणारी म्हातारी माणसे आठवा. त्यानंतर कुठल्या उच्चभ्रू सोसायटीवर कोम्बिंग ऑपरेशन झाले? कुणाच्या आडनावावरून ‘या लोकांच्या रक्तातच अफरातफर असते’ असे म्हटले गेले? म्हटले जाऊ नये, हेच बरोबर आहे. फक्त तोच न्याय पालातल्या माणसालाही लावा.

मग ‘का’ या प्रश्नाचे उत्तर आहे तरी काय? एका वाक्यात मावेल असे नाही, आणि ज्या सिद्धान्ताने ते एका वाक्यात मावते असे म्हटले तो फसला. ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ मध्ये प्रश्नच फिरवला: माणसे गुन्हा का करतात यापेक्षा बहुतेक माणसे तो का करत नाहीत हे विचारा. त्यांचे उत्तर होते घर, शाळा, काम, माणसांची ओढ, म्हणजे गमावण्यासारखे काही असणे. कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ मध्ये दाखवले की गुन्हा घडायला इच्छुक माणसाबरोबरच सहज हाती लागणारे लक्ष्य आणि राखणीचा अभाव एकाच जागी जुळून यावा लागतो. फिलाडेल्फियात १९४५ साली जन्मलेल्या सुमारे दहा हजार मुलांचा मागोवा मार्विन वुल्फगँग यांनी घेतला, तेव्हा निम्म्याहून अधिक गुन्हे फक्त सहा टक्के मुलांनी केलेले निघाले. म्हणजे सराईत गुन्हेगार नावाची गोष्ट असते, हे पोलिसांचे म्हणणे खरे आहे. पण ते सहा टक्के त्यांनी काय केले यावरून सापडले, जन्मावरून नव्हे.

त्याहून बोलका अभ्यास बोस्टनचा आहे. ग्लूक दांपत्याने सुधारगृहातल्या पाचशे मुलांची बारीक माहिती गोळा केली होती. ती खोकी हार्वर्डच्या तळघरात पडून होती. सॅम्पसन आणि लॉब यांनी ती उघडली, १९९३ मध्ये पुस्तक लिहिले आणि पुढे त्याच माणसांचा म्हातारपणापर्यंत माग काढला. लहानपणी वाया गेलेले म्हणून नोंदलेले बहुतेक सगळे आयुष्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर गुन्हे करायचे थांबले. कुणाला स्थिर नोकरी थांबवून गेली, कुणाला संसार, कुणाला सैन्य. ज्यांना तुरुंगाने नोकरीपासूनच तोडले ते अडकून राहिले.

आता हे आपल्याकडे लावून बघा. ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा गेला. या जमातींत तो ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात. पण अनेक राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे आणले, मुंबई राज्याचा १९५९ चा त्यातलाच. त्याच साली भिक्षा मागणे गुन्हा ठरवणारा कायदाही आला. पाल हलवत फिरणाऱ्या कुटुंबाकडे जातीच्या दाखल्यासाठी १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. दाखला नाही म्हणून सवलत नाही, शाळा सुटली म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी मिळालीच तर गावात चोरी झाली की पहिली धाड याच्याच पालावर. गमावण्यासारखे जे काही माणसाला गुन्ह्यापासून रोखते, ते एकेक करून आपण काढून घेतो. मराठी वाचकाला हे नवे नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, आपण टाळ्या वाजवल्या आणि पोलिस ठाण्यातले रजिस्टर तसेच राहिले. काही राज्यांच्या तुरुंग नियमांत ‘भटक्या किंवा गुन्हेगार जमातीचा’ असणे हेच कैद्याला वेगळे वागवायला पुरे होते, हे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सांगावे लागले आणि ते रद्द करावे लागले. लोम्ब्रोझो आपल्या नियमपुस्तकात एकविसाव्या शतकापर्यंत नोकरीवर होता.

‘पण पोलिसांनी सुरुवात तरी कुठून करायची?’ घटनास्थळावरून. ठशांवरून, साक्षीदाराने दाखवलेल्या फोटोवरून, चोरीचा माल कुठे विकला गेला यावरून. हे काम वेळखाऊ आहे, मनुष्यबळ अपुरे आहे आणि वरून ‘गुन्हा उघडकीस आणा’चा तगादा आहे, हे खरे. पण त्यावरचा उपाय माणसे आणि न्यायवैद्यक सोयी मागणे हा आहे. पालावर धाड घालून आकडा भरणे हा नव्हे. इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ मध्ये सांगितलेली गोष्ट आजही खरी आहे: शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती नक्की होणार या खात्रीचा धाक मोठा. चुकीचा माणूस आत टाकला की खऱ्या गुन्हेगाराला मिळतो तो अगदी उलटा निरोप.

आणि यंत्र आले म्हणून हा दोष जाईल, या भ्रमात राहू नका. २०१६ मध्ये चीनमधल्या दोन संशोधकांनी चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखणारी प्रणाली केल्याचा दावा केला. टीकाकारांनी फोटो बघितले तर ‘सज्जनां’च्या फोटोंत पांढऱ्या कॉलरी आणि किंचित हसू, ‘गुन्हेगारां’च्या फोटोंत ते नाही. यंत्र शिकले होते ते कॉलर ओळखायला. आपल्या ठाण्यांतली जुनी रजिस्टरे अशा यंत्राला खायला घातली तर तेही पारध्याचेच पाल दाखवील, आणि मग ‘संगणकाने सांगितले’ असे म्हणायची सोय होईल.

गुन्हा करणारी व्यक्ती जबाबदार असते, तिला शिक्षा व्हावी, आणि पीडितांना न्याय लवकर मिळावा, याबद्दल दुमत नाही. जन्मजात गुन्हेगारीचा सिद्धान्त नेमके हेच होऊ देत नाही: तो व्यक्तीची जबाबदारी जमातीवर ढकलतो आणि पीडिताला चुकीचा आरोपी देतो. १८७१ पासून १९५२ पर्यंत तो या देशात लाखो माणसांवर, पिढ्यान्‌पिढ्या, सरकारी खर्चाने वापरून पाहिला गेला. गुन्हे थांबले नाहीत. एखाद्या सिद्धान्ताला याहून मोठी संधी मिळत नसते आणि त्याचे याहून स्पष्ट अपयशही दिसत नसते.

म्हणून तीन मागण्या. सराईत गुन्हेगार ठरवायचा तो न्यायालयाने सिद्ध झालेल्या गुन्ह्यांवरून, आणि जुन्या कायद्याची सावली ज्या नियमांत उरली असेल ते नियम रद्द व्हावेत. धाड पालावर असो की बंगल्यावर, तिचे कारण लेखी नोंदवले जावे आणि ते मागणाऱ्याला मिळावे. आणि बातमीदारांनी आरोपीची जमात लिहिणे बंद करावे. बँक बुडवणाऱ्याची आपण लिहीत नाही. वाचकाने यातली निदान तिसरी मागणी उद्याच्या पेपरपासून करायला हरकत नाही. संपादकाला एक पत्र लिहायला कुणाच्या परवानगीची गरज लागत नाही.